लांब ब्लेडची स्टिक

"ही नको," सर म्हणाले आणि त्यांनी सातवी स्टिक काउंटरवर आडवी ठेवली.

"पण का, सर?"

"बरोबर वाटत नाही."

खडकी बाजारातल्या हकीमभाईंच्या दुकानात आम्ही सव्वादोन तास उभे होतो. दुकान इतकं अरुंद, की मी स्टिक फिरवून बघायला गेले की मागे टांगलेले फुटबॉल हलायचे. पंखा होता, पण तो फक्त हकीमभाईंच्या टोपीपुरता. मार्चमधली शनिवारची दुपार. पाय दुखत होते, घसा सुकला होता, आणि भिंगारे सरांना एकही स्टिक पसंत पडत नव्हती.

पहिलीचा दांडा वाकडा होता म्हणे. दुसरीचं लाकूड ओलं. तिसरी जड, चौथी हलकी. पाचवीला त्यांनी कारणच दिलं नाही, नुसती मान हलवली. सहावीवरचा पिवळा पट्टा त्यांच्या डोळ्यांत खुपला. आणि ही सातवी, जी हातात घेतल्यापासून मला सोडवत नव्हती, ती 'बरोबर वाटत नाही'.

"सर, आज नाही मिळाली तर मी खेळू कशानं? लाटण्यानं?"

हकीमभाई हसले. सर हसले नाहीत. त्यांची मुलगी संजीवनी, आम्ही तिला संजू म्हणायचो, दाराशी ग्रिपच्या टेपांची रिळं चाळत उभी होती. तीही हसली नाही.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. ललिता ओव्हाळ, इनसाइड राइट. सगळी फॉरवर्ड लाइन माझ्याभोवती फिरते, असं मला वाटायचं आणि बऱ्याच जणांनाही वाटायचं. गुरुवारी सरावात माझी जुनी स्टिक मानेपाशी उभी चिरली. पुढच्या रविवारी मुंबईत एका सरकारी खात्याच्या महिला संघाची निवड होती. निवड झाली की कायमची नोकरी. माझे वडील इथल्या कारखान्यात होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, ही एक संधी घे, नाही जमलं तर शिरूरच्या मुलाला होकार कळवायचा. मुलगा चांगला आहे असं सगळे सांगत होते. मी त्याला बघितलंही नव्हतं.

भिंगारे सरही त्याच कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी कारखान्याच्या संघातून खेळलेले. रोज पहाटे मैदानावर यायचे आणि आम्हा वीस-बावीस मुलींना शिकवायचे. कमी बोलायचे. जे बोलायचे ते आम्ही मुकाट्यानं ऐकायचो. त्या दिवसापर्यंत तरी मी ऐकत होते.

हकीमभाईंनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरून एक लांबट खोकं काढलं, फुंकर मारून धूळ उडवली. "जालंधरहून नवीन आलीय. पण ही पोरीच्या कामाची नाही, सर."

सरांनी ती घेतली. ब्लेडवर, म्हणजे खालच्या वळलेल्या भागावर, आडवी बोटं ठेवून मोजलं. इतर स्टिकांना चार-साडेचार बोटं भरत होती. इथे सहा भरली. सरांचा चेहरा एकदम सुटला.

"ही घे."

मी स्टिककडे बघितलं, मग सरांकडे. "सर, ही फुलबॅकची स्टिक आहे."

"असू दे."

"मी फॉरवर्ड आहे!"

ज्यांनी हॉकी खेळली नाही त्यांना माझा हा आरडाओरडा कळणार नाही. ब्लेड आखूड असलं की स्टिक मनगटाबरोबर वळते. चेंडू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, समोरचीला कळायच्या आत. फॉरवर्डला तेच हवं. लांब ब्लेड म्हणजे चेंडू अडवायला जास्त लाकूड. आडवी टाकली की भिंत. मागे उभं राहून येईल तो चेंडू थांबवायचा असेल तर ठीक. पण तिनं ड्रिबलिंग करायचं म्हणजे फावड्यानं भरतकाम.

"सर, इतका वेळ तुम्ही आखूड ब्लेडच्याच बाजूला काढताय. दांडा वाकडा, लाकूड ओलं, सगळं खोटं ना?"

"तू बॅकला खेळायचंस."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

"निवड रविवारी आहे, सर!"

"सहा दिवस आहेत. आणि उद्याचा एक धरला तर सात."

हकीमभाईंना राहवलं नाही. "सर, मी बोलू नये, पण पोरीचा खेळ मी बघितलाय. ही पुढेच—"

"तुम्ही स्टिका विका."

हकीमभाई गप्प झाले. मी मात्र नाही. म्हटलं, कारण सांगा. सर म्हणाले, मुंबईला टर्फ आहे, टर्फवर चेंडू पळतो, तुझा वेग कमी पडेल. माझा वेग! अख्ख्या मैदानावर माझ्यापुढे पळणारी एक मुलगी दाखवा म्हटलं. त्यावर त्यांनी मला दुकानाबाहेर काढलं, रस्त्याच्या पलीकडे स्वतः उभे राहिले आणि भर बाजारात माझ्याकडे चेंडू मारायला लागले. द्राक्षाच्या हातगाडीवाला ओरडला. एक सायकलवाला उतरून उभा राहिला. आखूड ब्लेडच्या स्टिकखालून दोन चेंडू निसटले, त्यातला एक गटारात गेला. लांब ब्लेडवर पाचच्या पाच थांबले.

"बघ," सर म्हणाले.

"सर, मला चेंडू थांबवायचा नाहीये! पळवायचाय!"

त्यांनी ऐकलंच नाही. आत गेले, हकीमभाईंना लांब ब्लेडची बांधायला सांगितली. संजू पुढे आली आणि मी नाइलाजानं खाली ठेवलेली ती सातवी स्टिक तिनं उचलली. "बाबा, मी ही घेऊ?" सर तिच्याकडे न बघता 'हं' म्हणाले.

मला तेव्हाच सगळं कळल्यासारखं झालं. संजू राइट आउट खेळायची, माझ्या अगदी शेजारी. मी मागे गेले की इनसाइड राइटची जागा रिकामी. ती जागा कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

घरी आईपुढे तणतणले. तिनं स्टिक उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "काठीच ना ती? लांब मिळाली तर चांगलंच की."

मी जेवले नाही.

रविवारपासून सुरू झालं. सरांनी मैदानाच्या एका टोकाला चुन्याची रेघ मारली. "ही ओलांडून चेंडू गेला नाही पाहिजे." मग पंधरा पावलांवर उभे राहून ते मारत सुटले. ते साठीच्या आसपास असतील, पण हात लोखंडाचा. पहिल्या दिवशी निम्मे चेंडू रेघेपार गेले, उरलेल्यांतले बरेचसे माझ्या नडग्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी सूज आली. मी मुद्दाम लंगडत गेले. सरांनी पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "गुडघा वाकव. तू उभ्यानं खेळतेस." एवढंच.

मंगळवारी एक चेंडू उसळून माझ्या कोपरावर लागला. मी स्टिक फेकली. जितकी लांब फेकता आली तितकी.

"संजूसाठी करताय ना हे सगळं?"

मैदानावरच्या मुली जागच्या जागी थांबल्या. सरांच्या कानशिलावरची शीर फुगलेली मला दिसली. वाटलं आता घरी जा म्हणतील. मला तेच हवं होतं. बापाला सांगितलं असतं, सरांनीच हाकललं.

"उचल ती स्टिक," सर म्हणाले.

"आधी उत्तर द्या."

"उचल. ऊन वर येतंय."

मी उचलली. का उचलली ते आजही मला नीट सांगता येत नाही. बहुधा असं, की ज्याच्यावर आपण चिडलोय त्याच्या समोरून निघून जाण्यापेक्षा त्याचे चेंडू अडवण्यात जास्त सूड आहे असं वाटलं. त्यानंतर प्रत्येक चेंडू म्हणजे मला सरच दिसायला लागले. अडवला की बरं वाटायचं. ते जोरात मारायचे, मी अडवायचे. ते आणखी जोरात. गुरुवारी त्यांनी पंधरा पावलांची दहा केली. शुक्रवारी रेघ लांब केली. आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो आणि चुन्याच्या रेघेपार काही जात नव्हतं.

तरीही माझा बेत ठरला होता. संघातल्या मीनाक्षीकडून तिची आखूड ब्लेडची स्टिक मी गुपचूप मागून घेतली होती. सर काय करणार? निवडीच्या टेबलावर अर्ज मी भरणार, सर नाही.

रविवारी मुंबईच्या मैदानावर टेबलापुढे मुलींची रांग होती. संजू माझ्या पुढे. टेबलावरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पोझिशन?"

"इनसाइड राइट," संजू म्हणाली.

माझी पाळी आली. मीनाक्षीची स्टिक माझ्या खांद्यावर होती. सर पार कुंपणापाशी, त्यांना ऐकूही जाणार नव्हतं. तेवढ्यात बाजूच्या टर्फवरून कुणाचातरी चुकलेला चेंडू घरंगळत टेबलाकडे आला आणि मी, खांद्यावरची स्टिक केव्हा खाली घेतली कुणास ठाऊक, गुडघा वाकवून त्याला आडवी गेले. आखूड ब्लेडच्या टोकाला घासून चेंडू निसटला. टेबलाखाली गेला. त्या एका निसटलेल्या चेंडूचा मला इतका संताप आला, की मी स्वतःलाच शिवी दिली.

"पोझिशन?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"फुलबॅक," मी म्हणाले आणि माझी स्टिक आणायला बॅगकडे पळाले.

संध्याकाळी यादी लागली. चार नावं होती. दोन फुलबॅक, एक हाफ, एक गोलकीपर. फॉरवर्ड एकही नाही. त्यांची फॉरवर्ड लाइन भरलेली होती आणि मागच्या फळीतल्या मुली एकाच वर्षी लग्नं करून गेल्या होत्या, हे नंतर कळलं. यादीत माझं नाव दुसरं.

संजूनं येऊन माझा हात धरला. "छान झालं," म्हणाली. डोळे कोरडे होते. मला तिच्याकडे धड बघवलं नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घणासारखी आपटत होती. सरांना माहीत होतं! कुठूनतरी त्यांना कळलं होतं की फक्त बॅक हव्यात. कुणीतरी विश्वासानं सांगितलं असणार, म्हणून तोंड उघडता येत नव्हतं. आणि स्वतःच्या मुलीला बाजूला ठेवून त्यांनी मला तयार केलं. मी मात्र भर मैदानात त्यांच्यावर काय आरोप केला!

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले, पाया पडले, रडले. सर अवघडून भिंतीकडे बघत राहिले. "मी काही केलेलं नाही," म्हणाले. मला तो त्यांचा मोठेपणा वाटला.

मी त्या संघातून अकरा वर्षं खेळले. तीन वर्षं कप्तान होते. लग्न केलं ते माझ्या मर्जीच्या माणसाशी. आणि दरवर्षी गुरुपौर्णिमेला, जिथे असेन तिथून, खडकीला जाऊन सरांच्या पाया पडत आले. सर दरवर्षी वैतागायचे. "कशाला आलीस एवढ्या लांब? काम नाही का तुला?" मी हसायचे. नातेवाइकांना, ऑफिसात, पुढे मी शिकवलेल्या मुलींना, सगळ्यांना मी ही गोष्ट सांगितली. सांगता सांगता ती जरा वाढलीही असेल.

सव्वीस वर्षांनी खडकीच्या त्याच मैदानावर मुलींच्या स्पर्धेला मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. सर पहिल्या रांगेत, पंच्याऐंशीचे, काठी टेकून बसलेले. मी माइकवर तीच गोष्ट सांगितली. सरांना पुढचं दिसत होतं, म्हटलं. पोटच्या मुलीपेक्षा त्यांनी शिष्येला—

एवढं बोलले आणि सर उठले. लोकांना वाटलं बरं वाटत नसेल. ते कुणाचा हात न धरता, काठी आपटत, सरळ फाटकाबाहेर गेले.

बक्षिसं उरकून मी त्यांच्या घरी पोचले तर ते खाटेवर बसून होते. संजू स्वयंपाकघरात होती. ती दापोडीच्या एका शाळेत खेळ शिकवायची, लग्न होऊन तिथेच राहायची आणि रोज संध्याकाळी वडिलांकडे यायची.

"सर, काय झालं?"

"काय झालं?" ते ओरडले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "सव्वीस वर्षं तेच! सरांना दिसत होतं, सरांना माहीत होतं. मला काय माहीत होतं? मला कोण सांगणार होतं त्यांना बॅक हव्यात म्हणून? मी कारखान्यातला फिटर! आता तर माइकवरून सांगायला लागलीस. मला चारचौघांत बसायची लाज वाटते, कळत नाही तुला?"

"मग मला बॅकला का टाकलंत?"

"तू विचारलं होतंस ना तेव्हाच? मैदानात, सगळ्यांसमोर? बरोबर विचारलं होतंस." त्यांचा आवाज उतरला. "जा, तिला विचार. मला दमवू नकोस."

स्वयंपाकघरात संजू कणीक मळत होती. सगळं ऐकू गेलेलं होतं. तिनं मान वर केली नाही.

"मी सांगितलं होतं बाबांना," ती म्हणाली. "त्या शुक्रवारी, स्टिक घ्यायच्या आदल्या दिवशी. रडून सांगितलं. ललिता शेजारी असली की माझ्याकडे चेंडू येतच नाही. तू कधी द्यायचीसच नाहीस, लले. चार वर्षं मी तुझ्या बाजूनं नुसती पळत होते. निवड करणाऱ्यांना मी दिसणार कशी? एकदा, एकदाच तिला बाजूला करा म्हटलं. बाबांनी मला आयुष्यात दुसरं काही दिलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं."

माझ्या अंगातून संताप वर आला. इतक्या वर्षांचा, एकदम. मी किती जणांना सांगितलं होतं! किती वेळा वाकले होते! "आणि तुम्ही दोघं मला दरवर्षी पाया पडू देत होतात? एक शब्द नाही?"

"काय सांगायचं होतं? तुला नोकरी लागली होती. मला नाही. तू दारात उभी असायचीस, डोळ्यांत पाणी. बाबा म्हणायचे आता सांगतो. मीच म्हणायचे, राहू द्या."

"पण मग ते मला शिकवत कशाला बसले? नुसतं मागे उभं करायचं आणि सोडून द्यायचं!"

"तेच तर," संजू म्हणाली. आता तिनं माझ्याकडे बघितलं. हात कणकेनं भरलेले. "बाबा म्हणाले होते, दोन दिवसांत ती रडत घरी जाईल. तू गेलीच नाहीस. तू अडवत राहिलीस. मंगळवारी तू स्टिक फेकून परत उचललीस ना, त्या दिवशी घरी आले तर जेवता जेवता मला म्हणाले, अगं, ही तर बॅकच आहे. इतकी वर्षं मी चुकीच्या जागी खेळवली. आनंद झाला होता गं त्यांना. मला सांगत होते, मला! त्यानंतर त्यांना मी दिसलेच नाही. निवड माझीही होती. माझ्या हातात नवी स्टिक होती, नवी जागा होती, मला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते आठवडाभर तुला चेंडू मारत होते. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटी गोल मारत होते. रिकाम्या गोलात."

मी त्या आठवड्याचा प्रत्येक दिवस लोकांना सांगत आले होते. चुन्याची रेघ, नडग्यांची सूज, पंधरा पावलं आणि दहा पावलं. त्या सांगण्यात मैदानाला दुसरं टोक कधी नव्हतंच.

बाहेरून सरांचा आवाज आला. "झालं का तुमचं?"

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले.

"रविवारपासून सांग," म्हटलं. "तू काय केलंस ते. सगळं."

संजूनं परातीकडे बघितलं, हाताची कणीक सोडवली, आणि सांगायला लागली.